पैसा कुणाचा, प्रश्न कुणाचा: विचित्र निर्मितीच्या चित्रपटांमागचं गणित

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी मिळून केलेल्या कामाची यादी पहिल्यांदा वाचणारा माणूस गोंधळतो. त्यात वस्तीतल्या बाईवरचा लघुपट आहे, एचआयव्हीवरचा हिंदी चित्रपट आहे, दूरदर्शनच्या मालिका आहेत. दहावीच्या ‘फ’ तुकडीतली पोरं आहेत, स्किझोफ्रेनिया झालेला भाऊ आहे, अंगावर कोड असलेली डॉक्टर आहे, ७३ हजारांचं वीजबिल हातात पडलेला एसटीचा कंडक्टर आहे. कोकणातली एक गमतीदार लग्नगोष्टही आहे, आणि शेवटाकडे दि. बा. मोकाशी यांच्या कथेतला वारकरी लोहार आहे. पंधराच्या वर पूर्ण लांबीचे चित्रपट, पन्नासहून जास्त लघुपट आणि काही मालिका एवढा हा पसारा आहे. १९८५ पासून २०२१ मध्ये सुमित्राताई गेल्या तोवर तो वाढत राहिला. आणि तो उभा करणारी ‘विचित्र निर्मिती’ ही संस्था म्हणजे पुण्यातली दोन माणसं आणि त्यांच्याभोवती जमलेले कलाकार-तंत्रज्ञ.

‘सामाजिक विषयांवरचे चित्रपट’ असं म्हणून आपण ही यादी मिटवतो. पण त्यातून काहीच उलगडत नाही. दोन माणसांची संस्था एकदा अर्ध्या तासाचा लघुपट करते, मग मालिका, मग दोन तासांचा चित्रपट, मग पुन्हा लघुपट, असं का होतं? हे समजून घ्यायचं तर त्या चित्रपटांचे पैसे कुठून आले आणि ते कुणाला दाखवायचे होते, हे बघावं लागतं. लहान चित्रपटसंस्था कशी चालते हेही त्यातून कळतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी निर्माता म्हणजे कोण ते पाहू. प्रेक्षक म्हणून आपण दिग्दर्शकाचं नाव लक्षात ठेवतो, पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या दृष्टीने चित्रपटाचा कर्ता असतो तो निर्माता. चित्रपट प्रसिद्ध झाल्यापुढची ६० वर्षं त्याचे हक्क निर्मात्याकडे राहतात, मग दिग्दर्शकाने त्यात कितीही जीव ओतलेला असो. मोठ्या कंपनीकडे स्वतःचं भांडवल असतं, ती एका वेळी पाच-सहा चित्रपट हाती घेते, त्यातला एक चालला की बाकीच्यांचा खड्डा भरून निघतो. लहान संस्थेकडे असं भांडवल नसतं. तिच्या प्रत्येक चित्रपटाला पैसा नव्याने शोधावा लागतो, आणि तो दर वेळी वेगळ्या दारातून येतो. कधी सरकारी महामंडळ, कधी दूरचित्रवाणी, कधी एखादा न्यास, कधी डॉक्टरांची संघटना, कधी व्यावसायिक निर्माता, कधी मित्रमंडळी आणि पदरचं. ज्या दारातून पैसा येतो, त्याची छाप कामाच्या लांबीवर, भाषेवर आणि प्रेक्षकावर पडते. विचित्र निर्मितीच्या कामाच्या वैविध्याचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं अर्धं सुमित्राताईंच्या आधीच्या आयुष्यात आहे. त्यांनी चित्रपटाचं शिक्षण घेतलेलं नव्हतं. राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र शिकून, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत जाऊन, पुढे त्या पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवत होत्या. ‘स्त्रीवाणी’ या प्रकल्पात पुण्याच्या वस्त्यांमधल्या दलित स्त्रियांशी त्या तासन्‌तास बोलल्या. त्या बायकांनी सांगितलेल्या आयुष्याचं पुस्तक पुढे इंग्रजीत आलं. पण ज्यांच्याविषयी संशोधन केलं त्यांच्यापर्यंत ते पोचतच नाही, ही गोष्ट त्यांना छळत होती. अहवाल वाचणार कोण, तर दुसरे अभ्यासक. वस्तीतल्या बाईला वाचता येत नसेल, पण पडद्यावर स्वतःसारखी बाई दिसली तर ती थांबून बघेल. एवढ्या साध्या विचारातून १९८५ मध्ये ‘बाई’ हा लघुपट झाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग ‘पाणी’ आला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शन शिकलेले सुनील सुकथनकर याच सुरुवातीच्या काळात त्यांच्याबरोबर आले आणि ही जोडी पस्तीसेक वर्षं टिकली.

‘बाई’चा प्रेक्षक आधीपासून ठरलेला होता आणि तिकीटबारीशी त्याचा काही संबंध नव्हता. पुढची सगळी वर्षं या दोघांनी कामाला याच टोकाकडून सुरुवात केली असं मला वाटतं. हे कुणी बघायला हवं, ते आधी ठरायचं. मग रूप.

आता त्या पन्नासहून जास्त लघुपटांकडे येऊ. लेखांमध्ये त्यांना एखादं वाक्य मिळतं, आणि मला ते अन्यायाचं वाटतं, कारण लहान संस्था जगते ती याच कामावर. याची रीत साधारण अशी असते. एखादी संस्था येते. ती आरोग्यावर काम करत असेल, स्त्रियांच्या प्रश्नांवर, व्यसनमुक्तीवर, शिक्षणावर. तिच्याकडे विषय असतो, थोडा निधी असतो आणि सांगायचं भरपूर असतं. बहुतेकदा त्यांच्या डोक्यात पडद्यावरचं भाषण असतं: सुरुवातीला आकडे, मध्ये तज्ज्ञ, शेवटी संदेश. लघुपट करणाऱ्याला त्यातून माणूस शोधावा लागतो. गावातली, नवऱ्याने टाकलेली एक बाई सायकल शिकते, एवढ्या गोष्टीवर ‘चाकोरी’ हा लघुपट उभा आहे. स्त्रीच्या स्वावलंबनावर दहा मुद्दे मांडून जे होणार नाही ते त्या सायकलने होतं. ती पडेल का, लोक काय म्हणतील, याची धाकधूक बघणाऱ्या बाईच्या पोटातही उठते.

अशा कामाची लांबी कलेच्या हिशेबाने ठरत नाही. बचत गटाची बैठक, शिक्षकांचं प्रशिक्षण, रुग्णालयातलं शिबिर अशा जागी हे लघुपट दाखवायचे असतात. तिथे माणसांकडे दीड-दोन तास असतात आणि त्यातला निम्मा वेळ नंतरच्या बोलण्याला ठेवायचा असतो. म्हणून अर्धा तास, फार तर पाऊण. भाषाही अशीच ठरते. महाराष्ट्राबाहेर दाखवायचं असेल तर हिंदी. एचआयव्हीवरचा ‘जिंदगी जिंदाबाद’ आणि अवयवदानावरचा ‘फिर जिंदगी’ हिंदीत आहेत, आणि दोन्ही विषय एका राज्यापुरते नाहीत हे उघड आहे.

या कामाचा आणखी एक उपयोग बाहेरून दिसत नाही. दोन मोठ्या चित्रपटांमध्ये तीन-चार वर्षं जाऊ शकतात. तेवढा काळ कॅमेरामन, संकलक, ध्वनिमुद्रण करणारे, सहायक काय खाणार? लघुपटाचं मानधन मोठं नसतं, पण त्यामुळे युनिट मोडत नाही. हातही चालते राहतात. पाच दिवसांत, चार दिव्यांत, एका घरात चित्रीकरण करायची सवय लागलेल्या युनिटला पुढे कमी पैशांत मोठा चित्रपट करणं जमतं. सुमित्राताई लेखनाबरोबर कलादिग्दर्शन आणि वेशभूषाही बघायच्या, सुकथनकर दिग्दर्शनाबरोबर गाणी लिहायचे, प्रसंगी कामही करायचे. यात आवड होतीच. पण वेगळ्या खात्याला वेगळा माणूस नेमायची ऐपत नसते, तेव्हा एकाला चार कामं यावी लागतात, हेही त्यात होतं.

मालिकांबद्दल थोडक्यात. दूरदर्शनसाठी त्यांनी ‘कथा सरिता’, ‘भैंस बराबर’, ‘माझी शाळा’ अशा मालिका केल्या. दूरदर्शन बाहेरच्या लहान निर्मात्यांकडून कथेवर आधारलेल्या, ठरावीक भागांच्या मालिका करून घेत असे, त्यातलं हे काम. रोजच्या मालिकांच्या रेट्यात तसली जागा आक्रसत गेली.

पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट ‘दोघी’ १९९५ चा. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ आणि दूरदर्शन यांच्या पैशांतून तो झाला. हे महामंडळ १९७५ मध्ये स्थापन झालं. त्याआधी १९६० पासून फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन तेच काम करत होतं. पटकथा महामंडळाकडे द्यायची, समिती ती वाचते, मान्य झाली तर मर्यादित रकमेत चित्रपट करायचा, अशी ती वाट. पैसा थोडा, पण गाणी घाला किंवा नट बदला असं सांगणारं कुणी नाही. ‘दोघी’त लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाला अपघात होतो, घर उद्ध्वस्त होतं आणि थोरल्या मुलीला मुंबईला पाठवलं जातं. तिथे तिचं काय होणार हे आईला पूर्ण ठाऊक नसतं की ती ठाऊक करून घेत नाही, हा प्रश्न उत्तरा बावकर यांनी नुसत्या चेहऱ्यावर पेलला आहे. रेणुका दफ्तरदार आणि सोनाली कुलकर्णी यांनी बहिणी केल्या. तिकीटबारीचं गणित मांडणाऱ्या निर्मात्याने या पटकथेवर पैसे लावले असते असं मला वाटत नाही. या चित्रपटाला सामाजिक विषयावरचा उत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

२००२ च्या आसपास दोन चित्रपट पाठोपाठ आले आणि त्यांचे प्रेक्षक एकमेकांपासून फार लांबचे होते. ‘वास्तुपुरुष’ जुन्या वाड्यातल्या देशपांडे घराण्याची गोष्ट सांगतो: जमीन गेलेली, गुप्तधनाच्या आशेने घर खणणारी माणसं आणि मुलाने डॉक्टर व्हावं म्हणून झिजणारी आई. त्याला मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘दहावी फ’ मात्र शाळांमध्ये गेला. नापासांच्या तुकडीतली मुलं रागाच्या भरात शाळेत तोडफोड करतात, आणि त्यांचे सर, म्हणजे अतुल कुलकर्णी, त्यांना शिक्षेऐवजी कष्ट करून नुकसान भरून द्यायला शिकवतात. महाराष्ट्रातल्या किती तरी शाळांनी तो रांगेने मुलांना नेऊन दाखवला. आज तिशी-पस्तिशीत असलेल्या अनेकांना दिग्दर्शकांची नावं सांगता येणार नाहीत, पण ‘फ’ तुकडी आठवते.

सगळ्यात जास्त समजून घेण्यासारखी वाट आहे ती न्यास आणि संघटनांच्या पैशांतून झालेल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटांची. २००४ चा ‘देवराई’ घ्या. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी मूळचे धुळ्याकडचे. स्किझोफ्रेनिया हा आजार त्यांनी स्वतःच्या घरात जवळून पाहिला होता. पुण्यात या आजाराविषयी जागृती करणारी आणि रुग्णांच्या नातेवाइकांना आधार देणारी संघटना त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली, आणि ‘देवराई’मागेही त्यांचंच पाठबळ होतं. आता इथे एक पेच असतो. पैसे देणाऱ्याला आजाराची माहिती बिनचूक हवी: लक्षणं, औषधं, नातेवाइकांनी काय करावं. चित्रपट करणाऱ्याला माणूस हवा, आणि माणूस लक्षणांच्या यादीप्रमाणे वागत नाही. एकीकडे झुकलं की माहितीपट होतो, दुसरीकडे झुकलं की आजाराचा तमाशा होतो, आणि हिंदी-मराठी पडद्यावर ‘वेड्या’चा तमाशा आपण पुष्कळ पाहिला आहे.

भावे-सुकथनकरांनी काय केलं, तर चित्रपटातल्या आजारी भावाला, शेषला, आजाराच्या आधी एक ध्यास दिला. गावची देवराई, देवाच्या नावाने राखलेलं ते रान, हा त्याचा अभ्यास आणि त्याचा जीव. पुढे जेव्हा त्याला भास होऊ लागतात तेव्हा ते हवेतून येत नाहीत, त्या रानातूनच येतात. त्यामुळे त्याच्या बोलण्यातलं कितपत खरं आणि कितपत आजार, हे त्याच्या बहिणीला जितकं कळत नाही तितकंच आपल्यालाही कळत नाही. अतुल कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांच्यातले ते प्रसंग बघताना घरी असा माणूस सांभाळणाऱ्याची दमछाक समजते. आणि मनोविकाराची जाणीव पसरवायला केलेल्या या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो पर्यावरण रक्षणाच्या विभागात. निधी देणाऱ्याचा विषय पूर्ण सांभाळूनही चित्रपट त्याच्या पलीकडे किती वाढू शकतो, याचा याहून मोठा पुरावा माझ्याकडे नाही.

‘नितळ’मध्ये, २००६ च्या, कोडाचा विषय असाच हाताळला आहे. देविका दफ्तरदार यांनी केलेली डॉक्टर हुशार आहे, हसरी आहे, आणि तिच्या अंगावर कोड आहे. तिला पसंत करणाऱ्या मुलाच्या घरची माणसं शिकलेली, चांगली आहेत. त्यातलं कुणीही दुष्ट नाही, आणि म्हणूनच त्यांच्या चुळबुळीत बघणाऱ्याला आपलं घर दिसतं. ज्या विषयावर पत्रक छापून डॉक्टर थकले असतील, तो जेवणाच्या टेबलाशी आणून ठेवला.

मग हलकंफुलकं कुठे गेलं, असं वाटेल. तेही आहे. ‘घो मला असला हवा’ ही कोकणातली विनोदी गोष्ट. राधिका आपटे यांचं मराठीतलं सुरुवातीचं काम त्यात आहे. ‘एक कप च्या’मध्ये किशोर कदम यांचा कंडक्टर ७३ हजारांचं बिल घेऊन कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतो आणि माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायला शिकतो. माहितीचा अधिकार देशभर लागू झाला २००५ मध्ये, चित्रपट आला २००९ मध्ये. कायदा कसा वापरायचा हे लोकांना नीट ठाऊक नव्हतं, त्या काळात दीड-दोन तास करमणूक करत तो अर्ज कुठे करायचा, उत्तर नाही आलं तर पुढे काय करायचं, हे सगळं त्यात सांगितलं आहे.

सगळीकडे हे जमलं असं मी म्हणणार नाही. २०१२ चा ‘हा भारत माझा’ भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाच्या लाटेत झाला, आणि त्यात माणसं कमी आणि भूमिका जास्त बोलतात असं मला बघताना वाटत राहिलं. विषय ताजा असताना लगेच काम करायचं तर त्याची ही किंमत असते. लघुपट करून करून लागलेली संदेशाची सवय मोठ्या चित्रपटातही डोकं वर काढते. पण या संस्थेने पस्तीस वर्षांत असे धोके घेतलेच नसते, तर तिच्याकडून ‘देवराई’ही झाला नसता.

आता थिएटरचा हिशेब, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. तिकीट विकलं की पैसे थेट निर्मात्याला मिळतात असा एक समज आहे. कर वजा जाता उरलेली रक्कम थिएटर आणि वितरक-निर्माता यांच्यात वाटली जाते, आणि हा वाटा आठवड्यागणिक बदलतो. हिंदी चित्रपटांसाठी २००९ मध्ये मल्टिप्लेक्स आणि निर्माते यांच्यात जो समझोता झाला, त्यात निर्मात्याच्या बाजूला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्या आठवड्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि त्यापुढे ३० टक्के असा वाटा ठरला. म्हणजे चित्रपट जसा जुना होतो तसा निर्मात्याचा हिस्सा कमी. मोठ्या जाहिरातीच्या चित्रपटाला हे परवडतं, त्याची सगळी गर्दी पहिल्या तीन दिवसांत होते. लहान चित्रपटाचं उलट असतं. त्याच्याकडे जाहिरातीला पैसे नसतात. शुक्रवारी वीस माणसं बघतात, त्यातली पाच-सहा जणं ओळखीपाळखीत सांगतात, दहा दिवसांनी खरा प्रेक्षक निघतो. तोवर चित्रपट उतरलेला असतो किंवा सकाळी साडेनवाच्या खेळाला ढकललेला असतो. मराठी चित्रपटांना मोक्याच्या वेळी खेळ द्यावेत, असा निर्णय राज्य सरकारला २०१५ मध्ये घ्यावा लागला, यावरूनच परिस्थिती कळावी.

म्हणून लहान निर्मात्याचं उत्पन्न अनेक ठिकाणांहून तुकड्यातुकड्याने जमतं. राज्य सरकारचं अनुदान हा एक तुकडा. गेल्या दशकातल्या नियमांप्रमाणे समिती चित्रपट बघून दर्जा ठरवत असे आणि ‘अ’ दर्जाला ४० लाख, ‘ब’ दर्जाला ३० लाख रुपये मिळत. पण हे पैसे चित्रपट पूर्ण झाल्यावर, सेन्सॉर झाल्यावर येतात, करताना नाही. दूरचित्रवाणीचे हक्क हा दुसरा तुकडा, त्यातही थिएटरात चाललेल्याला आधी विचारतात. पुरस्कारांची रक्कम तर नावापुरती: ‘कासव’ला २०१७ च्या एप्रिलमध्ये सुवर्णकमळ जाहीर झालं तेव्हा देशातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीची रोख रक्कम होती अडीच लाख, तेवढीच निर्मात्याला आणि तेवढीच दिग्दर्शकाला.

‘अस्तु’ची वाट या बाबतीत बोलकी आहे. अल्झायमर झालेले संस्कृतचे विद्वान चक्रपाणी शास्त्री रस्त्यात दिसलेल्या हत्तीच्या मागे चालत जातात आणि हरवतात. मोहन आगाशे यांनी ते काम केलं आणि पैशाचा भारही उचलला. माहुताची कानडी बोलणारी बायको त्या म्हाताऱ्याला लेकरासारखं सांभाळते. त्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना आणि संवादांसाठी सुमित्राताईंना राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले ते २०१४ मध्ये. चित्रपट थिएटरात लागला २०१६ मध्ये. मधली दोन वर्षं पुरस्कारप्राप्त चित्रपट महोत्सवांमध्ये फिरत होता आणि बाकीच्या महाराष्ट्राला तो बघायचा म्हटलं तरी सोय नव्हती.

आगाशे पेशाने मनोविकारतज्ज्ञ. ‘अस्तु’ आणि पुढे ‘कासव’ घेऊन ते स्वतः गावोगावी गेले: महाविद्यालयं, डॉक्टरांच्या सभा, ज्येष्ठ नागरिकांचे गट. आधी चित्रपट, मग बोलणं. नीट बघितलं तर ही ‘बाई’चीच रीत आहे, तीस वर्षांनंतर दोन तासांच्या चित्रपटाला लावलेली. ‘कासव’मध्ये निराशेने खचलेला एक मुलगा आहे, आणि त्याला घरात आसरा देणारी, कसलीही चौकशी न करणारी बाई आहे. समुद्रकिनारी कासवांची अंडी जपणारी माणसं आहेत. आलोक राजवाडे यांचा तो मुलगा कित्येक प्रसंगांत बोलतच नाही. असा चित्रपट पॉपकॉर्नच्या आवाजात बघण्यापेक्षा महाविद्यालयाच्या सभागृहात, शेजारी समुपदेशक बसलेला असताना बघणं अधिक योग्य, असं मला मनापासून वाटतं. ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’ आणि ‘कोर्ट’ यांच्यानंतर सुवर्णकमळ मिळालेला हा मराठीतला पाचवा चित्रपट.

पैशाची दारं बदलत राहिली, तरी ही सगळी कामं एकाच हातची आहेत हे ओळखू येतं, ते कशामुळे? एक म्हणजे माणसं तीच. उत्तरा बावकर, रेणुका आणि देविका दफ्तरदार, ज्योती सुभाष, अमृता सुभाष, अतुल कुलकर्णी, किशोर कदम, मोहन आगाशे, ओम भूतकर हे चेहरे आलटून पालटून दिसतात. आज नायिका असलेली पुढच्या वेळी चार प्रसंगांपुरती येते. दुसरं म्हणजे संशोधनाची शिस्त. प्रश्नावली घेऊन माणसांसमोर बसणारी बाई लिहायला लागली की संवाद माहितीसाठी येत नाहीत. माणूस बोलता बोलता थांबतो, विषय बदलतो, चहा विचारतो, आणि मग मूळ गोष्ट सांगतो. तसे ते संवाद आहेत.

‘दिठी’ मात्र या सगळ्यापेक्षा वेगळा उभा आहे. त्याला कुठल्या संस्थेचा विषय नाही, जागृती करायची नाही. मोकाशींची ‘आता आमोद सुनासि आले’ ही कथा सुमित्राताईंच्या मनात कित्येक वर्षं होती. तरणा मुलगा पुरात गेलेला रामजी लोहार, त्याची कोसळलेली श्रद्धा, आणि अडलेली गाय मोकळी करायला त्याला बोलावणं येतं ती पावसाची रात्र. किशोर कदम यांनी तो केला. हे काम पूर्ण व्हायला आधीच्या सगळ्या वर्षांची पुंजी लागली: लोकांचा विश्वास, कमी मानधनावर येणारे मोठे नट, निर्माता म्हणून उभे राहणारे आगाशे. सुमित्राताई १९ एप्रिल २०२१ ला गेल्या आणि मे महिन्यात ‘दिठी’ सोनी लिव्ह या ओटीटीवर आला. थिएटरांना तेव्हा कुलूप होतं. २०२४ मध्ये शर्मिला टागोर आणि मोहन आगाशे यांना घेऊन सुकथनकरांनी ‘आउटहाउस’ आणला, त्याचं लेखन सुमित्राताईंचंच.

मोठे चित्रपट असे कुठे ना कुठे टिकतील. मला काळजी आहे ती लघुपटांची, आणि फक्त याच संस्थेच्या नाही. महाराष्ट्रातल्या सेवाभावी संस्थांनी १९८० नंतर लहान निर्मात्यांकडून करून घेतलेले लघुपट हा आपल्या समाजाचा मोठा दस्तऐवज आहे. त्यांचे हक्क बहुधा पैसे देणाऱ्या संस्थेकडे असतात. प्रकल्प संपतो, माणसं बदलतात, आणि यू-मॅटिक, बीटाकॅम किंवा व्हीएचएस टेप कपाटात पडून राहते. चुंबकीय टेप दमट हवेत खराब होते, आणि ती चालवणारी यंत्रंही आता शोधावी लागतात. पुण्यातलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून चित्रपट जपतं आहे. २०२२ पासून ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं आहे. तुमच्या संस्थेत अशी टेप असेल तर ती घरच्या जुन्या व्हीसीआरमध्ये घालून बघू नका, फितीला बुरशी असेल तर एका फेरीत फीतच खराब होते. उभी ठेवा, कोरड्या जागी ठेवा, डब्यावर वर्ष, विषय आणि कुणी केली ते लिहा, त्या वेळचा करार सापडला तर त्याची प्रत सोबत ठेवा, आणि डिजिटल प्रत करून देणाऱ्या जाणत्या माणसाकडे किंवा संग्रहालयाकडे चौकशी करा.